चार खोल्या, पूर्ण लक्ष देऊन

आमच्या मनाची काळजी घ्यायची, असं हॉटेलने ठरवलं आणि त्याला मुहूर्त काढला नेमका वहिनींची मुलगी गाव सोडून निघाली त्या दिवसाचा. सफाईच्या कामावरच्या आम्ही सगळ्याजणी त्यांना वहिनीच म्हणतो. मुलीला लांब कुठेतरी नोकरी लागली होती, बस साडेचारची होती. नेमून दिलेल्या चौदा खोल्या उरकल्याशिवाय आमच्यापैकी कुणाला घरी जाता येत नाही. वहिनी जेवायलाही न थांबता राबत होत्या, तरी दोन वाजता चार खोल्या उरल्याच. एकटीने करायच्या तर दोन तास हवेत. आणि दोन वाजताच मनःशांतीचा वर्ग! तासभर, सगळ्यांना सक्तीचा.

वर्ग घेणाऱ्या बाई इतकं हळू बोलत होत्या, की आम्हाला वाटलं शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे.

"आत्ता मनात काय आहे?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"चार खोल्या."

"त्या विचाराला येऊ द्या, जाऊ द्या."

"विचार जाईल हो मॅडम, खोल्या कुठे जाणार?" मी म्हटलं. मॅनेजरने माझ्याकडे डोळे वटारले.

वहिनींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई खूश झाल्या. त्यांना वाटलं, वर्गाचा गुण आला.

मग त्या म्हणाल्या, की कुठलंही काम पूर्ण लक्ष देऊन, सावकाश करणं हेही ध्यानच. मी लगेच हात वर केला. "मग इथे बसून कशाला? खऱ्या खोलीत करून दाखवा ना! वर चार पडल्याच आहेत." बाई हरखल्या. त्यांच्यासमोर मॅनेजरला नाही म्हणता येईना.

आम्ही बाराजणी, एकेका खोलीत तिघी. मॅनेजरला मी बाथरूम दिलं. जाळीवरचा एक केस उचलायला त्याला तीन वेळा दीर्घ श्वास घ्यावा लागला.

पण आमची चूक झाली. सावकाश करायचं होतं, आणि आमच्या हातांना ते येतच नाही. चादर झटकली की कोपरे आपोआप खोचले जातात, उशी हातात आली की खोळ चढलेलीच असते. दहा मिनिटांत चारही खोल्या चकाचक. वहिनी पर्स उचलून पळाल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना: मन शांत ठेवल्यास एक खोली दहा मिनिटांत होते, असं दिसून आलं आहे. सबब आजपासून प्रत्येकीला सोळा खोल्या. एका खोलीत तिघीजणी होत्या, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं होतं.

"भेटली का मुलगी?" मी वहिनींना विचारलं.

"भेटली गं. बस हलली तरी खिडकीतून माझा हात सोडेना." मग त्यांनी फळा वाचला. "दोनच वाढल्या ना? तिला भेटायला मिळालं, त्यापुढे दोन खोल्या म्हणजे काही जास्त नाहीत."

आणि ट्रॉली ढकलत त्या निघाल्या. खरंच खूश होत्या. मला मॅनेजरपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.