कमी मिठाची बरणी

माझ्या जिभेला चांगलं म्हणायची सवय नाही. सुमिनो लग्न होऊन या घरात आली, त्या वर्षापासून मी तिच्या खारवलेल्या उमेच्या फळांत खोट काढत आलोय. कधी खारट, कधी शिसोच्या पानांचा रंग फिका. ती म्हणायची, "तुमच्या आईला देवानं सुगरण केलं आणि तुम्हाला नुसता परीक्षक!" आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच बरणी भरायला घ्यायची.

शिसो मात्र तिचाच. घरामागच्या भिंतीलगत लाल पानांची रांग दर वसंतात आपसूक उगवते. मध्येच हिरव्या शिसोचं रोप दिसलं की ती ते उपटून टाकते. दोन्ही शेजारी फुलले की पुढच्या वर्षी पानं ना धड लाल, ना धड हिरवी. खुडायचं काम माझं. मग ती पानं मिठानं चोळते, पहिलं काळपट पाणी फेकते, पुन्हा चोळून पिळते आणि उमेला सुटलेल्या आंबट पाण्यात सोडते. पाणी लालभडक होतं. तेवढा वेळ मी गप्प बसतो.

यंदा वसंतात डॉक्टरांनी माझं काळीज थकलंय म्हणून मीठ तोडायला सांगितलं. सुमिनोनं ते फारच मनावर घेतलं. उमेलाही निम्मंच मीठ घातलं.

"अगं, मीठच नाही तर टिकणार कशावर? तुझ्या मायेवर?" मी ओरडलो.

"टिकेल. तुम्ही टिका म्हणजे झालं," ती म्हणाली.

पानं खुडायच्या दिवशीच माझी तपासणी निघाली. "पानं जून होतील, तू थांब," असं सांगून मी एकटाच बसनं गेलो. डॉक्टर बराच वेळ कागद चाळत बसले. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "तेइझोसान, आता घरीच राहा. आवडेल ते खा."

"आणि मीठ?"

"तेही चालेल."

त्या दोन शब्दांत काय ते कळलं. घरी येऊन सुमिनोला सांगितलं, "गोळ्या बदलल्यात. बाकी मी ठणठणीत."

पावसाची झड लागली. बरणी ठेवली होती त्या मागच्या खोपटात सुमिनो मला जाऊ देईना. "ओल आहे तिथे, तुम्ही नका येऊ." एका सकाळी ती बाजारात गेली आणि मी गेलो. बरणी धुऊन पालथी घातली होती. गटाराच्या कडेला माती नुकतीच उकरलेली. काठीनं ढोसलं, तर पांढऱ्या बुरशीनं माखलेली उमे आणि तिची ती लाल पानं.

आधी हसूच आलं. सांगितलं होतं की नाही! मग आठवलं. किशूच्या या खोऱ्यात म्हणतात, ज्या घरची उमे नासते त्या घरातलं माणूस जातं. शहरातली पोरं हसतात. सुमिनो हसत नाही. हे पोटात ठेवून ती किती दिवस माझ्यासमोर जेवत होती, कोण जाणे. मी माती पायानं परत लोटली.

पाऊस सरल्यावर एक दिवस ताटात उमे आली. तोंडात घेताच कळलं, दुकानची आहे. मधात मुरवलेली, गुळमट. वर शिसोची पानं तेवढी तिची, झाडाला नव्यानं फुटलेली. सुमिनो जेवायच्या काड्या हातात तशाच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मनातली भीती जावी, एवढंच मला हवं होतं. मरायचं ते मी मरेन, पण तिनं निम्म्या मिठाचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नये.

"छान झालीय," मी म्हणालो. "आईच्या हातची आठवण आली. मीठ अगदी बेताचं."

तिनं काड्या खाली ठेवल्या. तोंड पांढरंफटक पडलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं ना, गोळ्या बदलल्या..."

"अहो, बुरशी आली तेव्हा मी मनाची समजूत घातली," ती म्हणाली. "म्हटलं, मीठ कमी पडलं, दुसरं काही नाही. पण तुम्ही कधी नव्हे ते चांगलं म्हणालात. आता याला काय म्हणून मनाची समजूत घालू?"