आदर्श उत्तर : नाही

सकाळपासून बाईंनी एका अनोळखी माणसाच्या नावाने किमान वीस वेळा बोटं मोडली होती. तो कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की भाषेच्या पेपरातल्या सातव्या प्रश्नाचं आदर्श उत्तर त्याने लिहिलं होतं, आणि ते लिहायला बसताना तो डोकं घरी विसरून आला होता.

पेपर तपासायचं केंद्र म्हणजे एका शाळेचा व्यायामाचा हॉल. लांबलचक टेबलं, टेबलाला चार परीक्षक, दोऱ्याने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाल पेनं. पंखे सहा होते, पण चालू एकच, आणि तो नियामकांच्या डोक्यावर. हे नियामक बोलायला तोंड उघडायचे ते कुठल्या तरी कलमाचा आकडा सांगायलाच, म्हणून परीक्षकांनी त्यांचं नाव कलमसाहेब ठेवलं होतं. बाईंच्या शेजारी बसायचे ते डुलकीसर. ते उत्तराचा पहिला शब्द वाचायचे, मार्क द्यायचे आणि पान उलटता उलटता एक झोप काढायचे. दिवसाला त्यांचे गठ्ठे सगळ्यांत जास्त व्हायचे.

सातवा प्रश्न एका छोट्या विज्ञानकथेवर होता. एक यान नव्वद वर्षांच्या प्रवासाला निघतं. यानावर दुरुस्तीची कामं करणारं एक यंत्र असतं. ते पाच वर्षांच्या एका मुलीला वचन देतं, की आपण पोचलो की नव्या जमिनीवर तुला सगळ्यांच्या आधी मी उतरवीन. वर्षं जातात. यंत्राचे हात झिजतात, बदलले जातात. पाय बदलतात, डोळे बदलतात, शेवटी मेंदूही नवा बसवतात आणि जुन्यातलं सगळं त्यात उतरवून घेतात. यान पोचतं तेव्हा ती मुलगी पंचाण्णव वर्षांची झालेली असते. ती वचनाची आठवण करून देते. यंत्र म्हणतं, ‘वचन देणारं यंत्र तुकड्यातुकड्याने भंगारात गेलं. ते मी नव्हे.’

प्रश्न : यंत्राने वचन पाळायला हवं का? सकारण लिहा. गुण पाच.

आणि आदर्श उत्तर : नाही. मूळ यंत्राचा एकही भाग उरलेला नसल्याने ते वचनाला बांधील नाही. ‘होय’ लिहिल्यास शून्य गुण द्यावेत.

शून्य. अहो, ज्या प्रश्नावर शहाणीसुरती माणसं जन्मभर भांडतील, त्यावर सोळा वर्षांच्या पोरांनी एका शब्दात पास-नापास व्हायचं! बाईंना संताप येत होता, पण सकाळभर त्यांनीही निमूटपणे शून्यं दिली होती. नियम म्हणजे नियम. अकराच्या सुमारास मात्र एक उत्तरपत्रिका हातात आली आणि पेन थांबलं.

अक्षर मुंग्या चालल्यासारखं. शुद्धलेखनाचा आनंदीआनंद. उत्तर चारच ओळींचं होतं : ‘होय. यंत्र म्हणतं ते मी नव्हे. मग त्याला वचन आठवतं कसं? खरंच दुसरं असतं तर त्याने विचारलं असतं, कसलं वचन? ज्याला वचन आठवतं आणि ते मोडायला कारणपण सुचतं, त्यानेच ते दिलेलं असतं.’

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग बाकीच्या प्रश्नांची बेरीज केली. बत्तीस. पास व्हायला पस्तीस लागत होते. सातव्याला शून्य दिलं तर या पोराचं किंवा पोरीचं वर्ष गेलं, आणि तेसुद्धा अख्ख्या गठ्ठ्यात ज्या एकाने विचार केला, त्याचं.

डुलकीसरांना दाखवलं. ते म्हणाले, छान लिहिलंय, शून्य द्या.

बाई उत्तरपत्रिका घेऊन कलमसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी ती वाचली, मान हलवली, आणि कलम चौदा सांगितलं. आदर्श उत्तरात बदल करायचा तर तो ज्याने उत्तर लिहिलं त्यानेच करायचा, तोही चूक लेखी कबूल करून. दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. बाई म्हणाल्या, मग बोलवा त्या महाभागाला, मला त्याचं तोंड बघायचंय. नावं गुप्त असतात, नुसते क्रमांक असतात, असं पुटपुटत कलमसाहेब कार्यालयात गेले. दहा मिनिटांनी आले ते चष्मा पुसत.

“बाई, तुमच्या ओळखपत्रावरचा क्रमांक काय हो?”

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. दोनशे अठरा.

“उत्तर दोनशे अठरानेच लिहिलंय. अकरा वर्षांपूर्वी.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी कलमसाहेबांपुढची खुर्ची ओढून घेतली. पहिल्यांदा त्यांना काही आठवेना, म्हणजे आठवू नये म्हणून त्यांनी बरीच खटपट केली. पण आठवलंच. प्रश्नपेढीचं तीन दिवसांचं शिबिर, शेवटची दुपार, चाळीस प्रश्नांची उत्तरं लिहायची बाकी, आणि साडेपाचची बस. उत्तराच्या रकान्यात एका शब्दापुरती जागा होती. या यंत्राच्या प्रश्नापाशी त्या क्षणभर थांबल्याही होत्या. दोन्ही बाजू पटत होत्या. मग घड्याळ बघून त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं आणि कारण मागाहून चिकटवलं होतं.

“अकरा वर्षं झाली हो,” त्या म्हणाल्या. “तेव्हा काय अक्कल होती मला? ती बाईच वेगळी होती. ती मी नव्हे.”

शब्द तोंडातून गेले आणि बाई चपापल्या. समोर मुंग्यांच्या अक्षरातली पत्रिका उघडी होती. ती बाई वेगळी होती हे खरं मानायचं, तर आदर्श उत्तर बरोबर आणि हे पोर नापास. पोर बरोबर म्हणायचं, तर चूक हिची, आत्ता या खुर्चीत बसलेल्या बाईची.

कलमसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणून समजावलं. चूक कबूल केली की परीक्षकांच्या यादीतून नाव जाणार, शाळेला पत्र जाणार, सेवापुस्तकात हलगर्जीपणाची नोंद होणार. बाई पुढच्या सत्रात मुख्याध्यापिका व्हायच्या होत्या, एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर. त्यापेक्षा क्रमांक कधीकधी दुसऱ्याला दिले जातात, मी ‘लेखक उपलब्ध नाही’ असं लिहितो, तुम्ही गठ्ठा बांधा. कुणी विचारणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी थोरल्या बहिणीला फोन लावला. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं होतं, त्यामुळे पन्नाशीला टेकल्या तरी अडलं की ताई. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, लहानपणी बरणी फोडून आळ मांजरावर घालायचीस, आता तरी मांजर शोधू नकोस. बाईंना बरं वाटलं. लगेच ताई म्हणाली, पण हातची खुर्ची घालवायचा वेडेपणा करशील तर माझ्याशी बोलू नकोस. ताईचा सल्ला हा असा, दोन्ही डगरींवर पाय ठेवलेला. बाईंनी डबा न उघडताच पिशवीत टाकला.

त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. त्या एका दुपारवर, बसवर, ‘नाही’वर. मधल्या वर्षांत हा प्रश्न आणखी दोनदा पेपरात येऊन गेल्याचं कलमसाहेबांनी सांगितलं होतं. तेव्हा किती पोरांनी ‘होय’ लिहिलं असेल, त्यातली कितीजणं दोन-तीन मार्कांनी गेली असतील? त्या पत्रिका केव्हाच लगदा झाल्या. निदान ही एक तरी समोर होती.

“अर्ज द्या,” बाई कलमसाहेबांना म्हणाल्या.

“नीट विचार केलात ना?”

“त्या दिवशी केला नाही, म्हणून तर ही वेळ आली. द्या.”

अर्ज अर्ध्या पानाचा होता. चूक कोणाची, या पुढे त्यांनी ‘माझी’ लिहिलं. कारण : घाई. जुनं उत्तर : नाही. मग सुधारित उत्तराचा बारीक रकाना होता. बाईंनी एकदम छाती भरून श्वास घेतला, ठसठशीत अक्षरात ‘होय’ लिहिलं आणि सही ठोकली. कलमसाहेबांनी शिक्का मारला आणि माईकवरून सगळ्या हॉलला सांगितलं, प्रश्न सातवा, उत्तर बदललंय, ‘होय’ला गुण, ‘नाही’ला शून्य, सकाळचे गठ्ठे पुन्हा सोडा. चाळीस परीक्षकांनी एकसाथ वळून बाईंकडे पाहिलं. डुलकीसर खडबडून जागे झाले आणि त्यांनी बाईंना जन्मात विसरता येणार नाही असा एक कटाक्ष टाकला.

बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मुंग्यांच्या अक्षरापुढे लाल पाच लिहिले, बेरीज सदतीस केली, आणि आज कितीतरी वेळाने पाणी प्यायल्या. खुर्ची गेली तर गेली. मग सकाळचा गठ्ठा सोडून त्यांनी पुढची पत्रिका ओढली.

टपोरं, गोल अक्षर. ‘नाही. कारण वचन यंत्राचं नुसतं नव्हतं, त्या मुलीचंपण होतं. पाच वर्षांच्या मुलीला धावत उतरायचं होतं. पंचाण्णव वर्षांच्या आजीला उचलून खाली नेलं तर वचन पाळल्याचं नाटक होईल. यंत्राने आधी तिला विचारावं, तुम्हाला आता काय हवंय? आणि जुनं वचन सोडून ते नवीन द्यावं.’

सकाळी याला त्यांनी न वाचता पाच दिले होते. माईकवरच्या हुकमाप्रमाणे आता शून्य द्यायचं होतं. बाईंनी पहिल्या पानावर जाऊन बेरीज पाहिली. सातवा धरून छत्तीस.

शून्य दिलं तर एकतीस, म्हणजे हेही पोर नापास. दिलेलं कारण पटलं तर ‘होय’ही चालेल, ‘नाही’ही चालेल, मघाच्या अर्जात एवढंच लिहायचं होतं. रकान्यात जागा नव्हती तर बाहेर लिहायचं होतं. कोण अडवणार होतं? अकरा वर्षं, शेकडो वर्ग, हजारो पोरं, केस पांढरे झाले, आणि हात मात्र तोच. घाईला आला की एका शब्दात मोकळा होणारा.

त्या उठून कलमसाहेबांच्या टेबलापाशी गेल्या. शिक्का अजून ओला होता.

“आता काय, बाई?”

“आणखी एक अर्ज द्या. चूक झालीय.”

“कोणाची?”

“माझीच,” बाई म्हणाल्या. “पाच मिनिटांपूर्वीची.”