रविवारचा होल

होलातला पांढऱ्या प्लॅस्टिकचा कप काठोकाठ भरलेला आणि तळाशी बॉल, त्याचाच, निळ्या पेनाने दोन ठिपके काढलेला, पाण्यामुळे जरा मोठा दिसणारा, जवळ आल्यासारखा... सुशील वाकून पाहत राहिला. हात घालायचा की नाही ते ठरत नव्हतं, कारण पाणी जानेवारीतल्या जव्हारचं होतं आणि स्वेटरची बाही वर करावी लागली असती. रात्री फवाऱ्याचा कॉक कोणाकडून तरी उघडा राहिला असणार. असो. बॉल आत गेला होता हे महत्त्वाचं. अकरा फुटांवरून, एका पटमध्ये, एकाच हलक्या ढकलण्यात, मान न हलवता, मनगटं बांधल्यासारखी घट्ट ठेवून — आणि बॉल शेवटच्या हातभर अंतरात डावीकडे वळून असा आत पडला होता, जसा कोणी हाक मारल्यावर घरात येतो.

त्याने हात घातला. बोटं बधिर झाली. बरं वाटलं.

पहिल्या ग्रीनवर एक पट. डायरीत एक. पावणेआठ वाजले होते, मोखाड्याच्या रस्त्यावरून बाजाराला निघालेली पहिली जीप खाली वळणावर हॉर्न देत गेली, आणि टेकडीवर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. मावसभाऊ परागने वडिलांच्या माळरानावर आधी चार खोल्यांचं रिसॉर्ट काढलं, मग कुठल्याशा पाहुण्याच्या नादाने गोल्फचे सहा होल. सहाच. तीनदा फिरलं की अठरा होतात. जव्हारात हसले होते लोक. मीही हसलो होतो, दुकानात, रंगाच्या डब्यांमागे उभा राहून — आणि पंधरा दिवसांनी इथे येऊन काठी हातात घेतली होती, एक्कावन्नाव्या वर्षी.

अठरा होलना एकशे चौदा फटके. पहिल्या वर्षाचा सगळ्यात बरा स्कोअर.

आता त्र्याण्णव.

आणि हे एकवीस फटके कुठे कमी झाले, ते त्याला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. लांब मारणं त्याला कधी जमलं नाही, जमणारही नव्हतं, ते तरुण कंबरेचं काम. पण ग्रीनवर, त्या बारीक कापलेल्या गवताच्या तुकड्यावर, जिथे बॉल फक्त ढकलायचा असतो आणि जिथे सगळे घाई करतात, तिथे सुशील गोविंद पाटणकर, हार्डवेअर आणि रंगाचे व्यापारी, यांनी स्वतःला घडवलं होतं. गोदामात दोन रांगांच्या मधल्या बोळात हिरवी जाजमपट्टी. टोकाला आडवा स्टीलचा पेला. दुकान उघडण्याआधी शंभर पट, रोज, दोन वर्षं. डोळे बॉलच्या बरोबर वर. जितकं मागे तितकंच पुढे. लांबचा पट असेल तर आत घालायची हाव धरायची नाही, होलभोवती सुपाएवढं वर्तुळ आहे असं समजायचं आणि त्यात थांबवायचा. हे त्याने व्हिडिओत पाहिलं, वहीत उतरवलं, आणि मग इतरांना सांगायला लागला. पराग, पटिंग म्हणजे हात नाही रे, पटिंग म्हणजे स्वभाव.

स्वभाव — असं म्हणालो होतो मी.

एका फेरीत पन्नास पट लागायचे ते तीसवर आले. म्हणून तर परागने परवा फोन केला. "दादा, पुढच्या रविवारी नाशिकला आपल्या चौघांना खेळायला जायचंय. तिकडचे लोक पोरवयापासून खेळणारे आहेत, लांब मारण्यात आपण मार खाणार. पण शेवटचा पट तुझ्याकडे. तू असलास की मला बीपीची गोळी लागत नाही."

त्याने तो फोन बायकोसमोर, आशालतासमोर स्पीकरवर ठेवला होता. मुद्दाम. ती मेथी निवडत होती आणि म्हणाली होती, "अरे वा."

दुसरा होल. पुन्हा पाणी, पुन्हा काठोकाठ. पुन्हा एक पट, नऊ फुटांवरून, जरा उजवीकडे गेला असं वाटता वाटता फिरून आत.

तिसऱ्या ग्रीनवर तो पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं, आणि त्याने पटर, ढकलायची काठी, जमिनीला टेकवला, बॉलकडे पाहिलं, होलकडे पाहिलं, आणि — काय होतं ते? काहीतरी खटकत होतं, नजरेच्या कडेला. गवत. वरच्या अंगाचं गवत सुकलं होतं, चमकत होतं. खालचं ओलं. ओल वरून निमुळती होत होत खाली आली होती, दोन्ही बाजूंनी, पाठीमागूनही, आणि तिच्या अगदी मध्ये होल. सगळ्या ग्रीनवरचं पाणी रात्रभर चालत इथे आलं होतं.

तीनही होल भरलेले.

होल ही काही विहीर नव्हे. तो जागेवर राहत नाही. गवत एकाच ठिकाणी तुडवलं जाऊ नये म्हणून तो हलवतात. लोखंडी नळीने नवी जागा कोरायची, निघालेला गवताचा गोल गड्डा जुन्या भोकात बसवायचा, पायाने दाबायचा. थंडीत दीड-दोन महिने त्या गोलाचा वण दिसतो, भाकरीवर वाटी दाबल्यासारखा. सुशील ग्रीनवर फिरायला लागला. वण होते. वरच्या उंचवट्यावर तीन, मधल्या उतारावर दोन, आणि एक अगदी ताजा, कडेला माती अजून काळी — उंचवट्याच्या ऐन डोक्यावर. म्हणजे कालपर्यंत होल तिथे होता. आणि या खोलगट बशीत, जिथे तो उभा होता, तिथे जुने वण एकमेकांवर चढलेले, सात, आठ, मोजता येईनात इतके.

नको. खेळ पुढे. डायरी काढ.

डायरी काढली नाही. त्याने खिशातलं नाणं त्या ताज्या वणावर ठेवलं, दहा पावलं मागे आला, आणि नाण्याला होल समजून पट मारला. जितकं मागे तितकंच पुढे. बॉल नाण्याजवळून गेला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि पलीकडे उतरत, उतरत, ग्रीनबाहेर. दुसरा जरा हळू. तो चढलाच नाही, परत त्याच्या पायाशी आला. तिसरा. चौथा. सुपाएवढं वर्तुळ, सुपाएवढं... सहावा पुन्हा पलीकडे. अकरा पट मारले त्याने आणि अकरावा मारताना मान हलली, मनगटं सुटली, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो माणूस जसाच्या तसा हातात परत आला, जाड, घाईचा, घामट.

बशीत उभं राहून बशीच्या तळाशी बॉल घालत होतो मी. तिथे कुठूनही ढकला.

तीस. एकतीस. एकोणतीस, तो गणपतीनंतरचा रविवार, पेढे वाटले होते दुकानात. खोडाळ्याच्या गिऱ्हाइकाने विचारलं, मुलीचं जमलं का? नाही हो, पटिंग... आणि त्याला समजावून सांगितलं होतं उभ्या उभ्या, पेढा हातात धरून. तो ऐकत होता बिचारा.

जैतू चौथ्या ग्रीनपाशी उकिडवा बसून वाटीने होलातलं पाणी उपसत होता. जामसर गावचा. स्वतःची जमीन नाही, बापालाही नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या खाचरांत राबलेला. भातलावणीआधी खाचरात पाणी सोडून उंच कुठे, सखल कुठे, ते पायाने पाहायचं आणि माती ओढून सारखं करायचं, हे त्याचं काम. परागने त्याला ग्रीन राखायला ठेवला तो त्यामुळेच. मशीन नको, जैतू चालला की कळतं, असं पराग म्हणायचा.

"जैतू, तिसऱ्यावर काल होल कुठं होता?"

"वरल्या अंगाला." त्याने मान वर केली नाही.

"मग आज खाली का?"

"आज रविवार ना शेठ."

"रविवारी काय?"

जैतूने आता पाहिलं. वाटी हातात तशीच. "रविवारी तुमी येता."

खाली रस्त्यावर जीप थांबली, माणसं चढली, गेली.

"तुला कोणी सांगितलं?"

"शेठाणीनी."

"काय सांगितलं?"

"मी खिळे न्यायला आलतो दुकानात. तुमी पालघरला गेलते. त्या बोलल्या, जैतू, आमच्या शेठना जरा सोपं पडंल असं करता येतं का रं. मी बोललो, येतं की. पाणी जिथं बसंल तिथं भोक पाडायचं, बास." तो जरा हसला, कारागीर हसतो तसा. "शनवारी सांजचं पाडतो, सोमवारी परत वर नेतो. दुसरे लोक बोंब मारतात ना मंग, लय सोपं झालं म्हणून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुमाला?" जैतूने वाटी खाली ठेवली. चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, फक्त कोड्यात पडल्यासारखं. "मला वाटलं, तुमीच सांगाया लावलं. शेठ लोक असलं तोंडानी नाय सांगत. घरातून सांगणं येतं."

या माणसावर ओरडायला काही जागा नव्हती. दोन वर्षं दर रविवारी जैतू त्याला कुंपणापाशी राम राम घालत होता, आणि त्या राम रामात अशी समजूत होती — की शेठला हे माहीत आहे, शेठनेच मागितलं आहे, आणि मग शेठ डायरी काढून आकडा लिहितो, मान डोलावतो, कधी कधी त्यालाच थांबवून सांगतो की बघ जैतू, हात नाही, स्वभाव...

"आज हलवू का वर?" जैतूने विचारलं.

"राहू दे."

तो उरलेले होल खेळला नाही. गाडीत बसला, चावी लावली नाही.

आशालता. दुकानात कधी येत नाही ती, त्या दिवशी मी पालघरला होतो म्हणून गल्ल्यावर बसली. केव्हाची गोष्ट? खिळे... जैतूचं छप्पर पावसाळ्याआधी — म्हणजे मे. म्हणजे गेल्याच्या आदल्या मे महिन्यात. म्हणजे लेक किमया घरी आली होती ती दिवाळी होऊन सहा महिने. त्या दिवाळीत काय झालं होतं? काही नाही. दोन फुटांचा पट चुकला होता, शेवटचा, आणि मी घरी येऊन पटर ओट्यावर — एकदाच, मोडला, माझाच होता. ताट सरकवलं होतं. सरकवलं... खाली पडलं ते. किमया दोन दिवस आधी परत गेली, तिला काम निघालं होतं. काम निघालं होतं असं आशालता म्हणाली. त्यानंतर मी तीन-चार दिवस कोणाशी बोललो नाही, नेहमीसारखा. नेहमीसारखा? माणसाला राग येतो. खेळात जीव ओतला की येतो. कोणावर हात टाकला का मी? कधी? कधीच नाही.

मग तिने का करावं हे?

विश्वासघात हा शब्द त्याने गाडीत बसून मोठ्याने उच्चारून पाहिला. बरोबर बसला. दोन वर्षं ती मेथी निवडत "अरे वा" म्हणत होती. आकडा ऐकत होती, जो तिनेच जैतूकडून पाडून घेतला होता. मूल काढतं त्या चित्राला म्हणतात ना, किती छान, हा डोंगर की गाय — तसं. आणि नाशिकला? पुढच्या रविवारी मला चारचौघांसमोर नाशिकच्या गवतावर उभं राहायचं होतं, तेव्हा ती गप्प कशी राहिली? की तिथेही कोणालातरी —

पण याहून वाईट होतं ते वेगळंच. गोदामातले शंभर पट तर खरे होते. पेल्यात गेलेला बॉल खरा होता. एकवीस फटक्यांतले काही तरी माझे असणार, सहा? दहा? आता ते वेगळे काढता येत नव्हते. दूध आणि पाणी. जैतूने जमिनीला जे केलं आणि मी हातांना जे केलं ते इतकं मिसळलं होतं की मी कसा खेळतो हे सांगू शकणारा पृथ्वीवर कोणी उरला नव्हता. तिने हरणं काढून घेतलं असतं तर चाललं असतं. तिने मोजमापच काढून घेतलं.

फोन वाजला. पराग. "दादा, कसं चाललंय? नाशिकसाठी नाव पक्कं देतोय हां."

"संध्याकाळी सांगतो."

"सांगतो काय? तुझ्याशिवाय—"

"संध्याकाळी, पराग."

घरी येईपर्यंत त्याने वाक्यं तयार केली होती. पहिलं शांत. दुसरं त्याहून शांत, म्हणजे जास्त लागेल असं. तिसऱ्यापर्यंत ती रडेल असा अंदाज होता. दार उघडंच होतं. आशालता स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, समोर परातीत पावट्याच्या शेंगा; अंगठ्याने शेंग फोडायची, दाणे परातीत, टरफल बाजूला, एक लय लागलेली. तो चपला काढत होता तेव्हा ती लय ऐकू येत होती. तो आत आला, आणि ती थांबली.

"कसं झालं आज?" तिने विचारलं.

अर्धी फोडलेली शेंग दोन्ही हातांत तशीच. मान वर नाही. ती उत्तराची वाट पाहत नव्हती, ती आणखी कशाची तरी वाट पाहत होती. दाराच्या आवाजाची, चपला कशा पडल्या त्याची, पुढच्या पावलाची. त्याला दिसलं की हे ती नीट शिकलेली आहे. बरीच वर्षं, गोल्फच्या आधीपासून. दुकान मंदीत होतं तेव्हाही, बाबा गेले तेव्हाही, किमयाच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीही हे हात असेच थांबले असणार, आणि त्याने ते पाहिले नव्हते, कारण तो तेव्हा बोलत असे.

तयार केलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं. शांत होतं. ते उच्चारलं की तिचं कोणतं बोट आधी हलेल, तेही त्याला आता सांगता आलं असतं.

"एकोणतीस," तो म्हणाला.

"अरे वा."

शेंग फुटली. दाणे परातीत पडले. दुसरी शेंग, तिसरी, लय पुन्हा लागली, आणि तिने डाव्या पायावरचा भार काढून मांडी सैल केली. सुशील दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. राग होता, सगळाच्या सगळा, एक कणही कमी झाला नव्हता. फक्त तो आता आवाज न करता धरून ठेवायला हवा होता, आणि ते त्याला आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं.

"हात धुऊन घ्या," ती म्हणाली. "वाढते."

तो हलला नाही. खोटं बोलून तिला वाचवलं होतं की स्वतःला, की तिचंच खोटं तिला परत केलं होतं, हे ठरवेपर्यंत त्याला तिथे उभं राहायचं होतं, आणि शेंगा संपत आल्या होत्या.