कलशातला आवाज

अन्नपूर्णेच्या मंदिराजवळच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे पांढरी डोकी. मंचावर स्वरानंद महाराज तांब्याचा कलश उंच धरून गर्जत होते, "माताजी, आत्मा लाइन पर आ गई है! रोना नहीं, सिग्नल टूट जाएगा!" मग कलशातून कुणाचा तरी मेलेला नवरा बोलू लागे. बायका हंबरडा फोडत आणि हातातल्या बांगड्या उतरवून देत.

माझे वडील, नानासाहेब, इथेच नागवले गेले. कलशातून माझ्या वारलेल्या आईचा आवाज आला, अगदी तिच्या ढबीत. "अहो, मला मुक्ती नाही. महाराजांना सगळं देऊन टाका." नानांनी फिक्स डिपॉझिट मोडलं, आईचे दागिने दिले. देण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा महाराज म्हणाले, "आत्मा नाराज है, अब बात नहीं करेगी."

नानांनी जेवण टाकलं. "अनुश्री, ती रुसून गेली गं," एवढंच म्हणायचे.

त्यांची धाकटी बहीण, द्वारकाआत्या, हे ऐकून रडली नाही. तिने विचारलं, "नाव लिहिताना त्या लोकांनी काय काय मागितलं?"

"फोटो, आणि आईचा मोबाइलमधला एखादा जुना आवाज. आत्म्याची ओळख पटायला म्हणे."

आत्या हसली. मला त्या हसण्याची भीतीच वाटली.

तिने जाऊन आपल्या मेलेल्या बहिणीचं, कमलचं, नाव लिहवलं. आत्याला बहीणच नाही. ओळखीसाठी दिलेला आवाज तिचा स्वतःचाच होता, माझ्या फोनमध्ये भरलेला. मग आम्ही पोलिसांकडे गेलो. सभेच्या दिवशी साध्या साड्यांतल्या दोन महिला पोलीस आमच्या मागे बसल्या. नानांनाही आम्ही हट्टाने नेलं.

कलश बोलू लागला, "दीदी, मी कमल. तुझ्या पाटल्या महाराजांना दे."

आत्या तडक मंचावर चढली. तिने माइक ओढून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आवाज तोच होता!

"ही कमल म्हणजे मीच. मी अजून मेले नाही, भिया!" ती महाराजांकडे वळून म्हणाली.

महाराज पळू लागले. आत्याने त्यांची शाल धरली.

"माताजी, माफ कर दो!"

"माफी? माझ्या वहिनीने जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. तिच्या तोंडून तू भीक मागवलीस. कसं केलंस ते सांग सगळ्यांना."

पोलीस पुढे आल्या, तसे महाराज पुटपुटले. थोडासा आवाज मिळाला की कॉम्प्युटर त्याच आवाजात हवं ते बोलतो. कलशाच्या तळाशी स्पीकर होता. घरच्या गोष्टी त्यांचीच माणसं रांगेत गप्पा मारून काढून घेत.

"मोठ्याने! मागच्यांना ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. तिने त्यांच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, पार रडेपर्यंत.

नानांनी माझा हात घट्ट धरला. "म्हणजे ती रुसली नव्हती?"

"नाही, नाना."

काही दागिने मिळाले, बाकीचे वितळवले गेले होते. तक्रार मागे घ्या म्हणून महाराजांचे भाऊ घरी आले, तेव्हा आत्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

आता माणसाचा आवाजही चोरता येतो. तो कलशातून येवो की फोनवरून, गेलेल्या बायकोचा असो की परगावच्या नातवाचा, त्याने पैसे मागितले की थांबा. घरच्यांना विचारा. नातवाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. फसलात तर लपवू नका, लगेच पोलिसांत जा. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे.

खटला चालू आहे. आत्या प्रत्येक तारखेला कोर्टात जाते आणि महाराजांना दिसेल अशी समोर बसते.