सौंदर्यवतीच्या हातातली इस्त्री

मित्रांनो, घाबरू नका, हात लावून बघा. आता मी थंड आहे. मी कोळशावर चालणारी एक जुनी लोखंडी इस्त्री आहे. माझ्या पोटात निखारे भरायचे, झाकण लावायचं आणि मग मी कपड्यांवरून अशी सरकायची, की चुरगळलेल्या माणसालाही वाटावं, आपणही जरा टेबलावर आडवं व्हावं!

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी आकाराला आले. एका कारागिरानं माझा तळ घासून घासून इतका गुळगुळीत केला, की त्याला त्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. मग लाकडी मूठ बसली आणि मी एका लाँड्रीत कामाला लागले.

लाँड्री म्हणजे एक अरुंद खोली. मधोमध लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर. दाराशी शेगडी. वर दोरीला कोट टांगलेले. दुकान नणंद-भावजयीचं होतं. भावजय कपडे धुवायची, नणंद इस्त्री करायची. दोघींचं साबणापासून देवाच्या अस्तित्वापर्यंत कशावरही भांडण व्हायचं, पण तिसऱ्यानं एकीला नाव ठेवलं की दुसरी त्याचे कपडे ओलेच परत करायची. भावजयीचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो वर्षातून एकदा घरी यायचा. त्यांना एकच मुलगी होती. तीच माझ्या गोष्टीची नायिका.

ही मुलगी बाराव्या वर्षीच एवढी उंच झाली, की वरच्या दोरीवरचे कोट स्टुलाशिवाय काढायची. तिची आत्या तिला शिडी म्हणू लागली आणि तेच नाव पडलं. चौदाव्या वर्षी आत्यानं तिच्या हातात मला दिलं.

"हे बघ शिडे, एकच गोष्ट ध्यानात ठेव. घर पेटलं तरी इस्त्री कपड्यावर थांबवायची नाही."

शिडी ते शिकली. तिचा हात असा तयार झाला, की ती खिडकीबाहेर बघत गप्पा मारायची आणि मी मात्र नीट शिवणीवरून चालत राहायचे. मला त्या हाताचा फार अभिमान वाटायचा.

ती एकोणीस वर्षांची असताना शहरात सौंदर्यस्पर्धा भरली. स्पर्धक मुलींचे चौदा गाऊन आमच्याकडे इस्त्रीला आले. शिडी ते पोचवायला सभागृहात गेली. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण त्या संध्याकाळी ते माझ्यासमोर इतक्यांदा सांगितलं गेलं, की मला पाठ झालंय. एका स्पर्धक मुलीला ऐनवेळी गालफुगी झाली होती. रांगेत एक जागा रिकामी होती. आयोजक बाईंनी शिडीला पाहिलं आणि तिला काही बोलूच दिलं नाही.

"तू उशिरा का आलीस? चल, घाल तो निळा गाऊन आणि उभी राहा!"

गाऊन तिला वीतभर आखूड झाला. खाली तिच्या दुकानातल्या चपला दिसत होत्या. तरी ती ताठ मानेनं चालली, कारण डोक्याच्या वर दोन्ही हातांनी कपडे धरून चालायची तिला सवयच होती. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "मुकुट मिळाला तर सगळ्यात आधी काय करशील?"

शिडी म्हणाली, "घरी पळेन. शेगडी पेटलेली आहे, आणि अजून बावीस चादरी राहिल्यात."

सगळं सभागृह हसलं आणि मग उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. शिडी मुकुट घालून दुकानात आली, तेव्हा आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छान दिसतंय. काढून ठेव आणि चादरी घे."

पण डोळे पुसायला तिनं गिऱ्हाइकाचा रुमाल घेतला, हे मी पाहिलं.

मित्रांनो, मुकुटामागून सिनेमा आला. शिडीनं दोन सिनेमे केले. दोन्हीत तिला नुसतं उभं राहायचं होतं, जिन्यावर किंवा कारंज्याजवळ. दोन्ही आपटले. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, "चेहरा चांदीचा, अभिनय लाकडाचा." ते वाचून ती दुकानात आली आणि टेबलाशी बसून हमसून हमसून रडू लागली.

"रडायचं तर त्या बाजूला रड," आत्या म्हणाली. "इथं कडक घडीचे शर्ट आहेत."

शिडीला रागही आला आणि हसूही. तिनं मला उचललं आणि इस्त्री करत करत आत्याशी अशी कडाकडा भांडली, की येणारीजाणारी माणसं दाराशी थबकली. शिडीची आई बादली घेऊन आत आली आणि ऐकतच राहिली.

"काय गं," ती म्हणाली, "इथं असं तोंड चालतं, मग तिथं का नाही?"

शिडी थांबली. म्हणजे तिचं तोंड थांबलं, हात नाही. ती हळूच म्हणाली, "आई, तिथं हातांना काम नसतं गं. हातांचं काय करायचं याच विचारात मी सगळं विसरते."

त्याच सुमारास एक दिग्दर्शक एका लाँड्रीवालीवर सिनेमा काढत होता. शिडी त्याच्याकडे दोनदा गेली आणि दोन्ही वेळा त्यानं तिला दारातूनच वाटेला लावलं. "मला कष्टकरी बाई हवी, मुकुटवाली नको," तो म्हणायचा. तिसऱ्यांदा ती मला पिशवीत घालून घेऊन गेली. निखाऱ्यांचा डबा दुसऱ्या हातात होता.

"दहा मिनिटं द्या," ती म्हणाली, "आणि तुमच्या अंगातला शर्ट द्या. फार चुरगळलाय."

दिग्दर्शक इतका गोंधळला, की त्यानं खरंच शर्ट काढून दिला. शिडीनं मेजावर चादर अंथरली, पाणी शिंपडलं आणि मला फिरवत, शेजारी पडलेल्या वहीत बघून, त्याच्याच सिनेमातले संवाद बोलू लागली. ती शेजारणीशी भांडली, गिऱ्हाइकाला हसली, मग एकदम हळवी झाली. मी नुसती मागेपुढे जात होते, पण मला तिच्या मनगटातून सगळं कळत होतं. दिग्दर्शक बनियनवर बसून ऐकत होता. पुढे अर्धा तास तो करारावर बोलत राहिला, पण शर्ट घालायचं काही त्याला सुचलं नाही.

अशी मीही सिनेमात गेले. नकली इस्त्री शिडीला चालेना.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एक प्रसंग काही केल्या जमेना. सिनेमातल्या लाँड्रीवालीचा भाऊ बारा वर्षं बेपत्ता असतो. एक दिवस तो दारात उभा राहतो. आनंदाच्या भरात तिचं भान हरपतं आणि इस्त्रीखालचा शर्ट जळतो. पण शिडीच्या हातून शर्ट जळेना! दाराकडे बघितलं की तिचा हात मला आपोआप उचलायचा. सात वेळा असं झालं.

"बाई, जळू द्या की तो शर्ट!" दिग्दर्शक काकुळतीला आला.

"मला कळतंय हो, पण हात ऐकत नाहीये."

त्या दिवशी आई आणि आत्या चित्रीकरण बघायला आल्या होत्या. आईनं शिडीला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाबा बोटीवरून येतात त्या दिवशी तू दाराकडे कशी बघतेस, तेवढंच आठव. हाताकडे मी बघते."

आठव्या वेळी शिडीनं दाराकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. आणि माझ्या मुठीवरचा तो हात, जो इतक्या वर्षांत कधी थांबला नव्हता, तो थांबला. माझ्याखाली धूर निघू लागला. मला भयंकर लाज वाटत होती, पण मी हलले नाही. सगळे श्वास रोखून बघत होते. आणि तेवढ्यात मागून आरोळी आली.

"अगं बये, जळला ना तो शर्ट!"

आत्या कॅमेऱ्यासमोर धावत आली आणि तिनं मला उचललं. शिडी तसूभरही डगमगली नाही. तिनं आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि हसत-रडत म्हणाली, "जळू दे गं! दादा आला, माझा दादा आला!"

"कुठला दादा? तुला भाऊ कुठाय?" आत्या म्हणाली.

हे शेवटचं वाक्य तेवढं कापावं लागलं. बाकी सगळं सिनेमात राहिलं. चित्रपटगृहात आत्याच्या आरोळीला टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. शिडीला त्या वर्षीचं सर्वोत्तम अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, आणि आत्या जन्मभर पुरेल एवढी बढाई मारू लागली. "माझा पिक्चर पाहिला का? त्यात आमची शिडीपण आहे."

मित्रांनो, नंतर विजेची इस्त्री आली. आत्याचा खांदा धरला, दुकान बंद झालं. शिडी कामात बुडाली. मी तिच्या नव्या घरी आले खरी, पण दाराला टेकण म्हणून. माझ्या तळाला गंज चढला. एकदा कुणीतरी मला सोनेरी रंग फासला आणि माझ्या पोटात प्लास्टिकची फुलं खोचली. निखाऱ्यांच्या जागी फुलं! अकरा वर्षं मुठीवर कुणाचा हात नव्हता. दार मात्र मी एकदाही आपटू दिलं नाही.

मग एका संग्रहालयाची माणसं मला न्यायला आली. शिडीनं मला उचललं, उलटं केलं आणि माझा तळ पाहून ती ओशाळली. "हिला आत्ता नाही देणार," ती म्हणाली. दोन दिवस बसून तिनं स्वतः रंग खरवडला, राखेनं गंज घासला, तेलाचा हात फिरवला. आणि मग मला द्यायचं तिच्या जिवावरच आलं.

आता आत्या शिडीकडेच असते. ती पंच्याऐंशीची झाली आहे. तिला माणसांची नावं आठवत नाहीत. कधी कधी ती शिडीलाही "आपण कोण?" असं विचारते. तेव्हा शिडी निखारे फुलवते, चादर अंथरते आणि माझी मूठ आत्याच्या हातात देते. वर स्वतःचा हात ठेवते. मग आम्ही तिघी मिळून एक साधा रुमाल करतो. आत्याचं मनगट अजून चुकत नाही. परवा रुमाल झाल्यावर तिनं तो उजेडात धरला आणि नाक मुरडलं.

"कोपऱ्यात चुणी राहिली. पुन्हा कर."

एवढी मोठी अभिनेत्री, पण तिनं निमूटपणे पुन्हा केला. तिचा चेहरा मात्र त्या वेळी पाहायला हवा होता तुम्ही!

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, किंवा एखादं जुनं माणूस कोपऱ्यात बसलेलं असेल, तर नुसती धूळ झटकून जाऊ नका. जरा जवळ बसा, आणि विचारा, "तुला अजून काय काय येतं?" मग बघा, उत्तर द्यायला आम्ही किती उतावीळ असतो ते.