रंगुबाईची हाळी

"पुन्हा एकदा ऐका, मावशी," सुभेदारसाहेब म्हणाले आणि त्यांनी मोबाईल बाजेवर ठेवला.

व्हिडिओत उन्हातला एक उतार होता. डोळ्यांवर पट्ट्या आणि हात मागे बांधलेली तीन माणसं गुडघ्यांवर सरकत होती, मागून जवान काठ्या घालत होते. खाली उभा असलेला, तोंडाला फडकं बांधलेला एक जवान त्यांना बोलावत होता, "हुर्र्योऽ, ये ये ये." सगळे हसत होते. त्या तिघांतला एक दुसऱ्या दिवशी मेला. पलटणीतल्याच कुणीतरी व्हिडिओ बाहेर सोडला, म्हणून चौकशी लागली, आणि चौकशीचे दोन साहेब पार पारनेरच्या माळावर रंगुबाईच्या दारात येऊन ठेपले.

आदल्या दिवशी हनुमंताचा फोन येऊन गेला होता. तो आवाज माझा नाही एवढंच सांग, नाहीतर मी तुरुंगात जाईन, असं त्यानं बजावलं होतं. फोन ठेवताना रडलाही होता. एकुलता एक लेक. आईनं दुसरं काय करायचं असतं?

"न्हाई साहेब," रंगुबाई म्हणाली. "ह्यो माझ्या लेकाचा आवाज न्हाई."

तेवढ्यात बाभळीखाली बसलेल्या शेळ्या उठून दारात आल्या. कान टवकारून उंबरा ओलांडून आत शिरल्या आणि बाजेभोवती मुकाट उभ्या राहिल्या. एकही ओरडली नाही. हनुमंतानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली म्हातारी शेळी व्हिडिओ संपलेला मोबाईल हुंगत राहिली.

तहान लागली असेल बिचाऱ्यांना, असं म्हणून धाकटे साहेब हसले. शहरातली माणसं ती. प्रत्येक घराची हाळी वेगळी असते आणि शेळी परक्या हाळीला जागची हलत नाही, हे त्यांना कोण सांगणार? सून पंकजा चुलीपाशी तोंडात पदर धरून बसली होती. साहेबांनी तिच्याकडे नंबर दिला, चहाचं कौतुक केलं आणि ते गेले. निभावलं एकदाचं.

उन्हं कलली तशी रंगुबाई टेकडीच्या पायथ्याशी गेली. पंकजा जळण गोळा करत होती. रंगुबाईनं रोजच्यासारखी हाळी दिली आणि वरच्या शेळ्या उतरू लागल्या. पण आज त्या तिला गुडघ्यांवर सरकत आल्यासारख्या दिसल्या. माना खाली, डोळे कुठे दिसेनात, आणि त्यांच्यामागून काठ्यांचा आवाज. मागे तर कुणीच नव्हतं.

हाळी तीच होती. हनुमंताला कडेवर घेऊन तिनंच शिकवली होती. या आवाजाकडे गेलं की आपल्याला कुणी मारत नाही, एवढ्याच भरवशावर शेळ्या येतात. डोळे बांधलेली ती माणसंही तशीच आली असतील का? रंगुबाईला लेकाची लाज वाटली, आणि स्वतःची त्याहून जास्त. हाळी घशातच तुटली. शेळ्या उतारावर थबकल्या.

"पंकजा, त्या साहेबाला फोन लाव."

पंकजानं हातातलं जळण खाली टाकलं. "आत्याबाई, आवो जेलात घालतील त्यांना."

"ठावं हाय मला. लाव तू."

फोन लागला. सकाळी आपण खोटं बोललो, हे रंगुबाईनं आधी सांगून टाकलं. मग म्हणाली, "त्यो आवाज माझ्या हनुमंताचाच हाय, साहेब."

खात्री आहे का, असं पलीकडून विचारलं.

"मीच शिकिवलीय त्याला ती हाळी."

फोन पंकजाच्या हातात देऊन ती वळली. शेळ्या अजून उतारावरच उभ्या होत्या, तिच्या तोंडाकडे बघत. रंगुबाईनं तोंड उघडलं नाही. पदर खोचून ती वर चढली आणि एकेकीला कानाला धरून खाली आणू लागली.