टिटवीच्या अंड्यांचा ताबा

सकाळी मुकादमाने तिला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, आत कुठे घरटंबिरटं नाही ना? असेल तर आत्ताच बोला. एकदा काडी ओढली की मग माझ्या हातात काही नाही."

"नाही," ती म्हणाली होती. झालं! एका शब्दात मोकळी झाली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती हो. त्या उद्यानातली झाडं, पाखरं, तळं, गवत, सगळ्याची राखण तिच्याकडे. शाळेच्या सहली आल्या की पोरांना पाखरं दाखवायचं कामही तिचंच. कामगार पाठीमागे तिला पाखरवाली म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण मोठ्या माळाचं दुखणं हाताबाहेर चाललं होतं. काटेरी झुडपं दरवर्षी पुढे सरकत होती आणि गवतात राहणारी पाखरं मागे हटत होती. उपाय एकच. वारा बघून, पट्टे आखून माळ जाळायचा. झुडपं मरतात आणि गवत मुळातून पुन्हा फुटतं. त्या परवानगीसाठी तिने चपला झिजवल्या होत्या. नियम मात्र कडक. जाळायच्या पट्ट्यात एक जरी घरटं निघालं, तरी काम पुढच्या वर्षावर. आणि परवानगी हातात पडते न पडते तोच टिटवीबाईंनी माळाच्या बरोब्बर मधोमध अंडी घालावीत! जागा काय कमी होती?

तिने आपली तोड काढली. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तेव्हा भोवतालचं गवत विळ्याने कापून तिने चांगलं मोठं रिंगण केलं. आग तिथवर येईल, खायला काही मिळणार नाही म्हणून बाजूने निघून जाईल. टिटवी थोडी घाबरेल, मग येऊन बसेल. हिशोब चोख. फक्त कापलेलं गवत तिने बाहेर काढलं नाही. भारे वाहताना कुणी पाहिलं असतं तर बिंग फुटलं असतं, म्हणून तिने ते तिथेच पसरून टाकलं. आता वाळलेलं गवत काय करतं, हे या बाईला कुणी शिकवायला हवं होतं का? पण लपवायच्या नादाला लागलं की माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

ही गोष्ट तिने जगात एकाच माणसाला सांगितली. बाबांना.

बाबा याच उद्यानात पहारेकरी होते. आता त्यांना काही म्हणता काही आठवत नसे. उद्यानामागच्या क्वार्टरमध्ये ते, त्यांची बहीण म्हणजे आत्या, आणि ती असे तिघे राहायचे. संध्याकाळी घरी आली की ती दिवसभराचं सगळं बाबांपुढे ओतायची. साहेब काय बोलले, कुणाशी भांडण झालं, सगळं. सकाळपर्यंत त्यांच्या डोक्यातून ते पार पुसलेलं असायचं. असा विश्वासू माणूस कुठे मिळतो?

"बाबा, चार अंडी आहेत. मोठ्या दगडाजवळ. कुणाला बोलायचं नाही हं."

"मी बघतो. तू नको काळजी करू," ते म्हणायचे.

रोज तिने नव्याने सांगायचं, रोज त्यांनी नव्याने खूश व्हायचं. रोजरोज सांगितलेलं कुठेतरी मुरतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तळ्याच्या बाजूने पहिला पट्टा पेटवला तेव्हा सगळं ठीक होतं. वारा समोरून, आग आपली सावकाश पाय ओढत चाललेली. पंप पाठीला लावून मुकादमाची माणसं कडेने उभी. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"अगं, दादा तुझ्याकडे आलाय का?" आत्याचा आवाज कापत होता.

"बाबा? इथे कशाला येतील?"

"मी आंघोळीला गेले तेवढ्यात मागचं दार उघडून गेला बघ. काठी घेऊन गेलाय. आणि ती जुनी शिट्टीसुद्धा."

 काठी आणि शिट्टी. म्हणजे बाबा हिंडायला गेले नव्हते, कामावर गेले होते.

माळाच्या मधोमध टिटवी किंचाळत होती. मघापासूनच किंचाळत होती, पण ऐकायला हिचं चित्त जाग्यावर होतं कुठे!

"आगीला घाबरलीये बिचारी," मुकादम म्हणाला.

"आगीला नाही." ती ओरडली. "आगीला घाबरली तर उंचावर घिरट्या घालेल. ती खाली झेपा घेतेय. तिथे माणूस आहे. पाणी मारा! पट्टा विझवा, माझे बाबा आत आहेत!"

"तिथे मधे कशाला जातील ते?"

 तिने ओढणी पाण्यात बुचकळून तोंडाला गुंडाळली आणि ती गवतात घुसली. आणि वैरी म्हणावा तसा वारा नेमका त्याच वेळी फिरला. मागून मुकादम ओरडला, "मॅडम, वारा!" आता आग पाय ओढत नव्हती. धावत होती.

बाबा मोठ्या दगडाशी ताठ उभे होते. गळ्यात शिट्टी, हातात काठी, डोळ्यांतून पाणी वाहतंय. टिटवी त्यांच्या डोक्यावरून झपकन जायची आणि ते तिला समजावत होते, "अगं बाई, तुझ्यासाठीच उभा आहे ना मी!"

तिला पाहताच त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. "थांबा! पुढे यायचं नाही."

"बाबा, मी आहे. चिमी!"

"चिमी शाळेत गेलीये. तिनेच मला सांगून ठेवलंय. तुम्ही कोण?"

तिने त्यांचा हात धरून ओढला. पण त्या हाडात अजून पहारेकऱ्याची ताकद होती. त्यांनी हिसडा मारून हात सोडवला आणि काठी आडवी धरली. रिंगणाच्या कडेला तिने पसरलेलं गवत तडतडायला लागलं. आपल्याच हाताने आपण बापाभोवती सरण रचलं, हे तिला दिसलं.

मग तिला लहानपण आठवलं. ती बाबांचा डबा घेऊन फाटकावर जायची. ताप असो, पाऊस असो, बदलीचा माणूस आल्याशिवाय बाबा जागचे हलायचे नाहीत. नुसता येऊन भागायचं नाही. ताब्यात काय आहे ते त्याने बघायचं, "ताबा घेतला" म्हणायचं, मगच काठी त्याच्या हातात जायची.

ती सरळ उभी राहिली. रडणं गिळलं. "पहारेकरी, तुमची पाळी संपली. मी बदलीवर आलेय."

बाबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "ताब्यात काय आहे?"

"टिटवीची चार अंडी."

"बघून घ्या. मागाहून तक्रार नको."

ती गुडघ्यांवर बसली. धुरात नीट दिसेना. "चार. ताबा घेतला."

बाबांनी काठी तिच्या हातात दिली आणि खांदे सैल सोडले. तिने त्यांचा दंड धरला. "चला आता, पटकन."

"तुम्ही कुठे निघालात?" ते जागीच थांबले. "आत्ता ताबा घेतलात ना? सोडून जाताय? द्या ती काठी इकडे!"

दर वर्षी ती शाळेच्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगायची, घरट्याला हात लावायचा नाही. अंडी जागची उचलली की ती मेलीच समजा. टिटवी ती शोधायलाही येत नाही. तिने डोक्यावरची टोपी काढली आणि एकेक अंडं उचलून तिच्यात ठेवलं. ऊबदार होती हो अजून. डोक्यावर टिटवी आकांत करत होती, आणि तिला वर बघायची लाज वाटली.

"ताबा बरोबर घेऊन निघतेय," ती म्हणाली. "चालेल?"

बाबांनी विचार केला. काय तो विचार करत बसले, देवा! गवत पेटत त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं.

"चालेल," ते म्हणाले. "पण सांभाळून न्या."

एका हाताने टोपी छातीशी, दुसऱ्या हाताने बाबा. ती ठेचकाळत, खोकत रस्त्याच्या दिशेने धावली. मुकादम आणि दोघे जण पाणी मारत आत घुसले होते, त्यांनी बाबांना उचलूनच बाहेर आणलं. भुवया होरपळल्या होत्या, पायाला फोड आले होते. पण जिवंत होते.

मुकादमाने टोपीत डोकावून पाहिलं. 

"सकाळी विचारलं होतं मी," तो म्हणाला.

"हो."

"माझी दोन माणसं आत होती, मॅडम. त्यांच्या घरी बायकापोरं आहेत."

"हो. साहेबांना मीच सांगेन. सगळं."

 मुकादमाने बाबांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. बाबा घोटभर प्यायले आणि त्याची बाही धरून म्हणाले, "माझी चिमी शाळेतून आली की तिला सांगा, अंडी सुखरूप आहेत म्हणावं. जीव लावून बसलीये पोर. या बाईंनी ताबा घेतलाय. नवीन दिसतात, पण सचोटीच्या आहेत."

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं. ती टोपी मांडीवर घेऊन रस्त्यातच खाली बसली होती. अंडी गार पडत चालली होती, आणि तिने त्यांच्यावर हात झाकून ठेवला होता.

"मी सांगेन तिला," ती कशीबशी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.